टायपिंग चांगलं आहे, मग मेडिकल ट्रान्सक्रिप्शन जमेल का?

*वाचकाचं पत्र, थोडक्यात:* मी 33 वर्षांची आहे. जीवशास्त्रात पदवी घेतली, काही वर्षं डेटा एन्ट्रीचं काम केलं आणि मुलगा झाल्यावर नोकरी सोडली. मुलगा आता चार वर्षांचा आहे. घरून करता येईल असं काम शोधताना मेडिकल ट्रान्सक्रिप्शनबद्दल कळलं. एक प्रशिक्षण संस्था सहा महिन्यांचा कोर्स, शेवटी प्रमाणपत्र आणि 'शंभर टक्के नोकरी' असं सांगते. महिनाअखेरीच्या आत पैसे भरले तर फीमध्ये सूट आहे. माझं टायपिंग चांगलं आहे, इंग्रजी वाचायला अडचण नाही, पण परदेशी माणसांचं बोलणं पटकन कळत नाही. नवरा म्हणतो, हे काम आता कॉम्प्युटरच करतो, पैसे पाण्यात घालू नकोस. संस्थेतले लोक म्हणतात, माणसाशिवाय चालणारच नाही. कोणाचं खरं मानू? आणि कोणता कोर्स करू?

तुमचे यजमान आणि ती संस्था वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत, म्हणून दोघांचंही ऐकून तुमचा गोंधळ वाढला असावा. डॉक्टरांनी, बहुधा परदेशातल्या, रुग्णाची माहिती बोलून डिक्टेशन द्यायचं, एमटीने, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्टने, हेडफोन लावून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत रिपोर्ट टाइप करायचा, हे काम झपाट्याने कमी झालं आहे. यजमानांच्या डोळ्यांसमोर ते आहे. आज बऱ्याच ठिकाणी व्हॉइस फाइल आधी स्पीच रेकग्निशनमधून, म्हणजे बोलणं ओळखून लिहिणाऱ्या यंत्रणेतून जाते, यंत्र मसुदा तयार करतं आणि माणूस ऑडिओ ऐकत तो मसुदा दुरुस्त करतो. याला एडिटिंग म्हणतात. संस्था 'माणूस लागतोच' म्हणते तेव्हा ती याबद्दल बोलत असेल तर ठीक. पण मग तिचा अभ्यासक्रमही याच कामाचा आहे का, हे विचारायला हवं. त्याकडे पुढे येते.

माणूस खरंच लागतो का? 2018 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी डिक्टेट केलेल्या 217 नोंदी त्यात तपासल्या होत्या. यंत्राने काढलेल्या कच्च्या मसुद्यात 100 शब्दांमागे सात-साडेसात चुका होत्या. ट्रान्सक्रिप्शनिस्टच्या हाताखालून गेल्यावर त्या 0.4 वर आल्या आणि डॉक्टरांच्या सहीनंतर 0.3 वर. म्हणजे सफाईचं जवळजवळ सगळं काम मधल्या माणसाने केलं होतं. त्यानंतर यंत्रं पुष्कळ सुधारली, हे मान्य. पण सुधारलेल्या यंत्रांची वेगळी खोड आहे. 2024 मध्ये व्हिस्पर या बोलणं लिहून काढणाऱ्या लोकप्रिय प्रणालीवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कोणी उच्चारलेलीच नव्हती अशी अख्खी वाक्यं आली होती. बोलणारा अडखळत, थांबत बोलत असेल तिथे हे जास्त घडत होतं.

यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. माणूस टाइप करताना चुकला, तर ती चूक चुकीसारखी दिसते. स्पेलिंग बिघडतं, वाक्य लंगडतं, नजर आपोआप थबकते. यंत्र स्पेलिंग चुकत नाही. ते भलत्याच औषधाचं नाव अगदी शुद्ध लिहितं आणि वाक्य गुळगुळीत ठेवतं. अशी चूक पकडायला बोटांचा वेग कामाचा नाही. वाचताना 'या रुग्णाला हे औषध कशाला?' असा प्रश्न डोक्यात यावा लागतो. तो येण्यासाठी आजार, औषधं आणि शरीररचना माहीत असावी लागते. तुमची जीवशास्त्राची पदवी इथे कामाला येईल. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकून टायपिंगला जास्त महत्त्व दिलं आहे. मी असते तर क्रम उलटा ठेवला असता.

काही उदाहरणं देते. डिक्टेशनमध्ये 'इलियम' ऐकू आलं. एक इलियम कमरेचं हाड आहे, दुसरं लहान आतड्याचा शेवटचा भाग. उच्चार एकच, इंग्रजी लिहिताना एका अक्षराचा फरक. डॉक्टर हाड मोडल्याबद्दल बोलत आहेत की आतड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, हे समजल्याशिवाय योग्य शब्द लिहिता येणार नाही. डिसफॅजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेजिया म्हणजे बोलण्यात, भाषेत अडथळा. पक्षाघाताच्या रुग्णात दोन्ही असू शकतात, त्यामुळे नुसता अंदाजही चालत नाही. हायड्रॅलझीन रक्तदाबावर देतात, हायड्रॉक्सिझीन खाज किंवा अस्वस्थपणा यांवर. घाईत बोलणाऱ्याच्या तोंडी दोन्ही सारखीच लागतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'ने तर भल्याभल्यांना फसवलं आहे. आणि सर्वांत छोटा, सर्वांत धोकादायक शब्द म्हणजे 'नो'. 'नो चेस्ट पेन'मधला 'नो' खोकल्यात विरला, तर नसलेलं छातीचं दुखणं रिपोर्टमध्ये कायमचं नोंदवलं जातं.

मग ऐकू आलं नाही तर काय करायचं? या व्यवसायात माणसाची पारख होते ती इथे. नवख्याला वाटतं, जागा रिकामी सोडली तर आपलं अज्ञान उघडं पडेल. म्हणून तो जवळचा वाटेल तो शब्द घालून मोकळा होतो. चांगला एमटी आधी दोन-तीनदा ऐकतो, वेग कमी करून ऐकतो, पुढचं-मागचं वाचतो, औषधांच्या सूचीत शोधतो. तरीही खात्री नसेल तर ब्लँक सोडतो आणि कोणत्या मिनिटाला काय ऐकू आल्यासारखं वाटतं, ते नोंदवून क्यूएकडे, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांकडे पाठवतो. तपासणीत 'डाव्या गुडघ्याला सूज' आणि शेवटी 'उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काढावा' असं आलं, तर आपल्या मनाने डावं-उजवं करायचं नाही. ते फ्लॅग करायचं, म्हणजे खूण करून निदर्शनाला आणायचं, आणि निर्णय डॉक्टरांवर सोडायचा. व्याकरण सुधारावं, वैद्यकीय मजकुराला मात्र हात लावू नये. नुसत्या वेगावर भरती झालेली हुशार मुलं ही शिस्त अंगी न बाणल्यामुळे मागे पडतात, असं माझं निरीक्षण आहे.

याची किंमत काय असू शकते, याचं एक उदाहरण न्यायालयात गेलं होतं. 2008 मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात एका रुग्ण स्त्रीला रुग्णालयातून दुसऱ्या केंद्रात हलवलं गेलं. तिचा इन्सुलिनचा डोस 8 युनिट होता, डिस्चार्ज समरीत, म्हणजे रुग्णालय सोडतानाच्या नोंदीत, 80 टाइप झाला. डॉक्टरांनी तपासण्याआधीच तो कागद पुढे गेला, त्यावरून डोस दिला गेला आणि त्या दगावल्या. ट्रान्सक्रिप्शन बाहेरदेशी करून घेतलेलं होतं. 2012 मध्ये ज्युरीने 14 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. दोष एकट्या टाइप करणाऱ्याचा नव्हता, साखळीतल्या कोणीच थांबून पाहिलं नाही. पण '80 युनिट? एवढं?' असं पहिल्यांदा वाटण्याची संधी कोणाला होती, याचा विचार करून बघा.

अशाच अपघातांच्या धास्तीने अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2004 मध्ये 'वापरू नये' अशा संक्षेपांची यादी काढली. युनिटसाठी नुसतं 'यू' लिहू नये, कारण ते शून्यासारखं दिसतं. '1.0 मिग्रॅ' लिहू नये, दशांशचिन्ह पुसट झालं तर 10 वाचलं जातं. '.5' लिहू नये, '0.5' लिहावं. ही यादी एका संध्याकाळी पाठ होते. मुलाखतीत तिच्यावर प्रश्न हमखास येतो, म्हणून आजच वहीत उतरवून ठेवा.

आता तुमचा कान. परदेशी उच्चार पटकन कळत नाहीत ही अडचण खरी आहे, पण ती सुधारते. वाचायला येणारं इंग्रजी आणि ऐकू येणारं इंग्रजी ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं आलं म्हणून दुसरं येत नाही, आणि दुसरं आज नाही म्हणून कधीच येणार नाही असंही नाही. डिक्टेशन देणारे डॉक्टर एकाच देशातले नसतात. कोणी भरभर बोलतं, कोणी जांभया देत, कोणाच्या मागे मॉनिटरचे आवाज चाललेले असतात. म्हणून फी भरायच्या आधी घरच्या घरी एक परीक्षा घ्या. डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी दिलेली व्याख्यानं इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातली पाच मिनिटं निवडा आणि शब्दन् शब्द लिहून काढा. किती वेळ लागला आणि किती जागा रिकाम्या राहिल्या, ते मांडून ठेवा. अनुभवी माणसालाही ऑडिओच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, तुम्हाला आठ-दहापट लागला तरी घाबरू नका. दोन आठवडे रोज वेगवेगळ्या माणसांचं बोलणं घ्या आणि शेवटी पहिलाच तुकडा पुन्हा लिहा. बघायचं आहे ते एवढंच: रिकाम्या जागा कमी झाल्या का, आणि अनोळखी शब्द शोधून काढताना मजा आली की वैताग? ज्याला एका शब्दामागे दहा मिनिटं घालवायला आवडतं तो या कामात टिकतो. वैताग आला तर फी वाचली.

ही परीक्षा चालू असतानाच वैद्यकीय शब्दांची जडणघडण शिकायला लागा. ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून हे शब्द बनतात. 'हेपॅट' यकृताचा, 'नेफ्र' मूत्रपिंडाचा. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टॉमी' आलं की काढून टाकणं, 'ऑटॉमी' आलं की छेद, 'ऑस्टॉमी' आलं की बाहेर तोंड करणं. दीड-दोनशे तुकडे डोक्यात बसले, की कधी न ऐकलेला शब्दही उलगडतो. त्यानंतर औषधं, एकेका आजाराबरोबर शिकायची. नुसत्या याद्या घोकू नका, त्या राहत नाहीत. मधुमेह घेतला की त्याच्या गोळ्या, इन्सुलिनचे प्रकार, एचबीएवनसी या रक्तातल्या साखरेच्या चाचणीची नेहमीची मर्यादा, सगळं एकत्र. मधुमेहाच्या रिपोर्टमध्ये पुढे पायाची जखम आणि डोळ्यांची तपासणी का येते, तेही मग आपोआप समजतं.

संस्थेबद्दल. प्रमाणपत्राने नोकरी मिळते, हा समज आधी सोडा. एमटी व्हायला डॉक्टर किंवा परिचारिकेसारखा परवाना लागत नाही, अमेरिकेतही नाही. कंपन्या स्वतःची चाचणी घेतात: ऑडिओ देतात, रिपोर्ट मागतात, चुका मोजतात. बऱ्याच ठिकाणी 98 टक्क्यांच्या वर अचूकता लागते, आणि औषध, डोस किंवा बाजू चुकली तर ती एकच चूक भारी पडते. म्हणून कोर्स पारखायचा तो या चाचणीला तो तुम्हाला तयार करतो का, यावर. संस्थेत जाऊन विचारा: खऱ्या डॉक्टरांच्या डिक्टेशनचे किती तास ऐकायला मिळतील? खऱ्या म्हणजे रुग्णाची ओळख काढून टाकलेल्या, पण खोकला, गडबड आणि घाई तशीच ठेवलेल्या फाइली. स्टुडिओत शांतपणे वाचून दाखवलेल्या नव्हेत. माझा रिपोर्ट कोण तपासणार, आणि चूक का झाली हे सांगणार की नुसते गुण देणार? यंत्राने काढलेला मसुदा दुरुस्त करण्याचा सराव अभ्यासक्रमात किती आहे? या शेवटच्या प्रश्नावर गोलमोल उत्तर आलं, तर अभ्यासक्रम जुना आहे असं समजा.

'शंभर टक्के नोकरी' हे लेखी मागा. कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर, किती दिवसांत, आणि नाही मिळाली तर फीचं काय, हे त्यात यायला हवं. मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांशी बोलायला द्या म्हणा, आणि ती माणसं त्यांनी न निवडता तुम्ही निवडलेली असली तर उत्तम. महिनाअखेरीच्या सवलतीसाठी वरची दोन आठवड्यांची परीक्षा गाळू नका. जी सवलत विचार करायला वेळ देत नाही, ती नाकारण्यात नुकसान नाही.

पत्रात 'घरून करता येईल' हे शब्द दोनदा आले होते, सारांशात मी ते एकदाच ठेवले. घरून काम मिळतं, पण ते सहसा पहिल्या दिवसापासून मिळत नाही. नवख्याच्या रिपोर्टवर रोज कोणीतरी बोट ठेवायला हवं, म्हणून अनेक कंपन्या सुरुवातीला कार्यालयातच बसवतात. शिवाय हे काम वेळेला बांधलेलं असतं. साधा रिपोर्ट 24 तासांत चालेल, पण तातडीचा, ज्याला 'स्टॅट' म्हणतात, तो कधी कधी एक-दोन तासांत द्यावा लागतो. त्या वेळी चार वर्षांचा मुलगा हेडफोनची वायर ओढत असेल तर? मुलाला सांभाळत हे काम होत नाही. मुलाला दुसरं कोणी सांभाळत असताना मात्र घरून नक्की होतं. यजमानांशी यंत्राबद्दल वाद घालण्यापेक्षा हे बोलून घ्या: रोजचे कोणते चार तास मुलगा त्यांच्याकडे किंवा आणखी कोणाकडे असेल?

दुसरं म्हणजे गुप्तता. अमेरिकेतला 1996 चा हिपा कायदा रुग्णाच्या माहितीबाबत फार कडक आहे आणि त्याची बंधनं करारातून काम करणाऱ्यापर्यंत पोचतात. घरात दार लावता येईल अशी जागा हवी आणि दुसऱ्या कोणी न वापरण्याचा कॉम्प्युटर हवा. 'आज एक विचित्र केस आली होती' असं जेवताना सांगण्याचीही सोय नाही.

मोबदला बहुधा ओळीवर मोजतात, आणि ओळ म्हणजे साधारणपणे 65 अक्षरखुणा. त्यात मोकळ्या जागा धरतात का, हे करारापूर्वी विचारा, महिन्याच्या हिशेबात बराच फरक पडतो. एडिटिंगचा दर पूर्ण टायपिंगपेक्षा कमी असतो, बरेचदा निम्म्याच्या आसपास. मसुदा चांगला असेल तर तो परवडतो. मसुदा गचाळ असेल तर सगळं नव्याने लिहावं लागतं आणि पैसे मात्र दुरुस्तीचे मिळतात. या क्षेत्रातल्या लोकांची ही जुनी आणि रास्त तक्रार आहे.

यजमानांच्या शंकेकडे परत येते, कारण ती झटकून टाकण्यासारखी नाही. अमेरिकेचं कामगार-सांख्यिकी खातं कित्येक वर्षं या व्यवसायातल्या नोकऱ्या घटतील असंच सांगत आलं आहे. मायक्रोसॉफ्टने वैद्यकीय स्पीच रेकग्निशनमधली न्युआन्स ही कंपनी 2022 मध्ये सुमारे 19.7 अब्ज डॉलरना घेतली, ती काही हौस म्हणून नव्हे. आता तर डॉक्टर आणि रुग्णाचं बोलणं ऐकून थेट नोंद तयार करणाऱ्या प्रणाली आल्या आहेत, त्यात वेगळं डिक्टेशनच उरत नाही. तेव्हा पुढची वीस वर्षं फक्त एमटी म्हणून काढायची असा बेत असेल, तर मी तुम्हाला नको म्हणेन.

पण शिकलेलं वाया जातं का? शरीररचना, औषधं, रिपोर्टची घडण आणि चूक हेरणारी नजर हे भांडवल शेजारच्या कामांतही चालतं. मेडिकल कोडिंग घ्या: रिपोर्ट वाचून निदान आणि उपचारांना ठरलेले कोड द्यायचे. तिथे ऐकावं लागत नाही, वाचावं लागतं, आणि वाचण्यात तुम्ही आधीच बऱ्या आहात. मात्र कोडिंगमध्येही यंत्रं येत आहेत, ती जागा कायमची सुरक्षित असं मी म्हणणार नाही. विम्याच्या दाव्यांची वैद्यकीय छाननी, डॉक्टरांसाठी स्क्राइबचं, म्हणजे तपासणी चालू असताना नोंदी लिहिण्याचं काम, यंत्राने लिहिलेल्या नोंदींची गुणवत्ता-तपासणी, याही वाटा आहेत. शेवटची मला सर्वांत जास्त टिकाऊ वाटते. दोन आठवड्यांच्या परीक्षेत कान सुधारला नाही पण शब्दांची गोडी लागली, तर सरळ कोडिंगची चौकशी करा. दोन्ही झालं, तर ट्रान्सक्रिप्शन एडिटिंगमधून सुरुवात करून वर्ष-दोन वर्षांत क्यूएकडे सरका. काहीच झालं नाही, तर तुमच्या पदवीला प्रयोगशाळेच्या नोंदींसारखी इतरही कामं आहेत, त्यासाठी वेगळं पत्र लिहा.

जाता जाता सामानाबद्दल, कारण संस्था पहिल्याच दिवशी यादी हातात ठेवेल. कान झाकणारे चांगले हेडफोन आत्ताच घ्या, सरावालाही लागतील. फूट पेडल, म्हणजे ऑडिओ पायाने थांबवायचं-मागे न्यायचं यंत्र, नोकरी लागेपर्यंत घेऊ नका. ऑडिओचा वेग कमी-जास्त करणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात आणि मागे-पुढे जाण्याचं काम कीबोर्डवरच्या बटणांनी भागतं. नेहमीच्या वाक्यांचे लघुसंकेत भरून ठेवणारा टेक्स्ट एक्सपांडर मात्र पहिल्या आठवड्यापासून वापरायला शिका. तुमचा टायपिंगचा वेग कमी पडेल तिथे तो भरून काढेल. फक्त डोस आणि औषधांच्या नावांसाठी लघुसंकेत ठेवू नका, ते दर वेळी पूर्ण टाइप करा.